एका कागदापायी गेलेली दुपार

आज सुट्टी होती. ठरवलेलं एकही काम झालं नाही, सगळी दुपार मिउरा घडी घालण्यात गेली.

ही घडी कोर्यो मिउरा या जपानी अवकाश-अभियंत्याची. कागदावर समांतरभुज चौकोनांची नक्षी पाडायची. एका दिशेच्या रेघा सरळ, दुसऱ्या दिशेच्या नागमोडी. घड्या नीट बसल्या की समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढायचं. अख्खा कागद एका झटक्यात उलगडतो आणि ढकलला की तसाच मिटतो! १९९५ साली जपानच्या एका उपग्रहाचं सौर पॅनेल याच घडीने अवकाशात उघडलं होतं.

पण खरी मजा घड्या मोजताना आली. रेघा जिथे मिळतात तिथे बोट ठेवा. चार घड्या, तीन वर उचललेल्या, एक खाली दबलेली, नाहीतर बरोबर उलट. फरक दोनाचाच. पुढच्या बिंदूवरही तेच. कागद सपाट मिटायचा तर आतल्या प्रत्येक बिंदूवर हे असंच असावं लागतं, याला माएकावाचं प्रमेय म्हणतात. शिवाय तिथले कोन एकाआड एक घेऊन मिळवा, बेरीज १८० अंश. (चित्रकला आणि भूमितीच्या वह्या वेगळ्या कुणी केल्या, देव जाणे.)

मग हौसेने जाड कार्डशीट घेतलं, तर घड्या फुगून बसल्या. प्रमेय कागदाची जाडी शून्य धरतं, पॅनेलला मात्र जाडी असते. बिजागरी कुठे बसवायची, जाडी कुठे मुरवायची, हे सगळं अभियंत्याच्या गळ्यात. उद्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून, मध्ये फटी ठेवून, चिकटपट्टीने जोडून बघणार आहे.