अडीच मिमीची भिंत

भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये विमानाच्या एका ब्रॅकेटचा जॉब आला होता. ७०७५ ॲल्युमिनियमचा सलग ठोकळा, त्यात कोरायचे पॉकेट, म्हणजे खळगे, आणि शेजारच्या दोन पॉकेटांमध्ये अडीच मिमीची भिंत. खोली ६० मिमी. शिवाय भिंतीला पीळ होता. पॉकेटातून पाहिलं तर एका टोकाला ती ३ अंश मागे कललेली, दुसऱ्या टोकाला ४ अंश आत झुकलेली. झुकलेल्या टोकाखाली तीन अक्षांच्या मशीनवर साधा कटर पोचत नाही, म्हणून जॉब पाच अक्षांच्या मशीनवर लागला आणि प्रोग्रॅम माझ्याकडे आला.

गिऱ्हाइकाच्या प्रोसेस शीटमध्ये फिनिशिंगला, म्हणजे शेवटच्या बारीक कापाला, स्वार्फ कटिंग दिलं होतं. १० मिमीच्या लांब एंडमिलची (सरळ दंडगोल कटरची) कूस भिंतीला पूर्ण उंचीभर टेकवायची आणि एका फेरीत भिंत उतरवायची. पीळ असलेल्या भिंतीवर सरळ कटर नेमका बसत नाही, म्हणून मी आधी ती चूक मोजली. ती एका मायक्रॉनच्या आसपास निघाली, आणि ड्रॉइंगवर प्रोफाइलला ०.१ मिमीची मुभा होती. सिम्युलेशनही हिरवं. तरी माझं मन मानेना. सिम्युलेशनला भिंत दबते हे माहीतच नसतं. मी जादा ठोकळ्यावर एक पॉकेट करून बघायची परवानगी मागितली आणि ती मिळाली.

कटर भिंतीला लागला आणि दोन-तीन सेकंदांत आवाज फिरला. मशीनवरच्या काकांनी लगेच फीड होल्ड दाबून कटर थांबवला. "ताई, भिंत गातेय. कटरचा दोष नाही हा." दार उघडलं तर भिंतीवर वरपासून अर्ध्या उंचीपर्यंत चॅटरच्या, म्हणजे कापताना होणाऱ्या थरथरीच्या, लाटा. मायक्रोमीटर लावला. तळाशी २.५, वरच्या कडेला २.६२. ६० मिमी लांबीचा कटर एकाच वेळी घासत होता, भिंत वरच्या बाजूला मागे सरकत होती आणि कटर पुढे गेल्यावर परत येत होती. म्हणून माल वर जास्त राहिला.

मॅनेजर म्हणाले, बॉलनोजने, म्हणजे गोल टोकाच्या कटरने करा. तो मार्ग खात्रीचा होता, पण महाग. दोन फेऱ्यांमध्ये उरणाऱ्या रेघेची उंची म्हणजे स्टेपओव्हरचा (दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा) वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. १० मिमीच्या बॉलनोजची त्रिज्या ५, ०.३ मिमीच्या स्टेपओव्हरने सव्वादोन मायक्रॉनची रेघ उरते, आणि ६० मिमी उंचीला २०० फेऱ्या लागतात. आमच्या कपाटात १० मिमीचाच एक बॅरल कटर होता. त्याच्या कुशीला पिंपासारखा फुगीर बाक असतो, या कटरवर तो ८५ मिमी त्रिज्येचा. त्याने १.२ मिमीच्या स्टेपओव्हरला जवळपास तेवढीच रेघ उरते. फेऱ्या ५०. आणि भिंतीला टेकतो तो एक छोटा पट्टा, अख्खी उंची नाही.

कपाटात निमुळता बॅरलही होता, २० अंशांचा, बाक २५० मिमीचा. त्याने फेऱ्या आणखी कमी झाल्या असत्या. तो मी बाजूला ठेवला. त्याच्यासाठी कटर भिंतीपासून २० अंश कलवावा लागतो, आणि आत झुकलेल्या टोकाचे ४ धरून २४. पॉकेटचं ते टोक ४५ मिमी रुंद. ६० मिमी वर येईपर्यंत कटर २७ मिमी सरकतो, त्यात होल्डरची, म्हणजे कटर धरणाऱ्या भागाची, अर्धी जाडी १६. झाले ४३, वर कटरच्या टोकाची जाडी धरली की समोरच्या भिंतीला होल्डर लागणार हे दिसतच होतं. शिवाय मोठा बाक म्हणजे रुंद स्पर्श, आणि ज्या भिंतीने नुकतीच हाक मारली तिच्यावर मला ते नको होतं.

खरा फरक पडला तो क्रमाने. अख्खं रफिंग, म्हणजे जादा माल काढणं, आधी उरकून भिंत पातळ उभी करायची नाही. एक थर एका बाजूने काढून फिनिश, मग दुसऱ्या बाजूने, मग खालचा थर. चालू थराखाली माल भक्कम राहतो. बॅरल कटर टोकाने कापत नाही, टोकाच्या बराच वर टेकतो, त्यामुळे टोकाला जागा मिळावी म्हणून रफिंग फिनिशिंगच्या एक पाऊल खाली ठेवावं लागलं. याच कारणाने तळालगतची पट्टी त्याला जमत नाही. ती पट्टी आणि ६ मिमी त्रिज्येचे कोपरे बॉलनोजकडे दिले.

एका गोष्टीवर मी अडून बसले. ८५ च्या बाकावर कोन एक अंश चुकला की स्पर्शबिंदू कटरवर दीड मिमी सरकतो. कॅममध्ये, म्हणजे प्रोग्रॅम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कटरचा आकार अंदाजाने भरून चालत नाही. म्हणून कटर मोजायच्या प्रीसेटरवर नुसती लांबी घेतली नाही, कुशीचा आकारही तपासून भरला. रनआउट, म्हणजे फिरताना कटर किती डगमगतो ते, डायल लावून पाहिला. दोन्ही कटरांची लांबी स्पिंडल गरम झाल्यावर मशीनवर परत मोजली, नाहीतर बॅरल आणि बॉलनोजच्या सांध्यावर पायरी उरते.

दुपारनंतर दुसरं पॉकेट लागलं. काका दाराला कान लावून उभे होते. आवाज शेवटपर्यंत एकसारखा. सीएमएमवर, म्हणजे मोजमापाच्या मशीनवर, भिंत वर २.५१, खाली २.५०. सांध्यावरून नख फिरवलं, अडकलं नाही.

संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरचा फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न वेळेचा, आणि वेळ स्वार्फपेक्षा वाढलीच होती. मी दोन्ही भिंतींचे फोटो आणि जाडीचे आकडे पाठवले. त्यांनी प्रोसेस शीट बदलायला होकार दिला, फक्त थरांचा क्रम शीटवर आकृतीसह हवा म्हणाले. ती आकृती काढूनच मी घरी गेले.