गळ टाकण्याच्या परवानगीसाठी सात हेलपाटे

ऑक्टोबरमध्ये हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी गळ टाकण्याचा परवाना मला हातातला चहा निवण्याआधी मिळाला होता. त्यामुळे आपल्या बालाघाटच्या डोंगरातल्या एका तलावावर चार रविवार निवांत घालवायला फार तर एक अर्ज लागेल, अशी माझी समजूत होती. ट्राउटला बारमाही थंड पाणी लागते, आपले तलाव एप्रिलमध्ये कोमट होतात; तेव्हा मरळ किंवा रोहूवर समाधान मानायचे ठरवले होते. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, 1986पासून पक्षी अभयारण्य असल्याने तो विचार आधीच सोडला होता.

तलाव पाटबंधाऱ्याचा, म्हणून अर्ज तिथे दिला. लिपिकाने तो वाचून "पाणी आमचं आहे, मासे नाहीत" असे सांगितले आणि मत्स्यव्यवसायाच्या कार्यालयाकडे धाडले. तिथे साहेब दौऱ्यावर. पुढच्या खेपेला ते भेटले, पण त्यांनी पुढे केलेल्या छापील नमुन्यात जाळे, होडी आणि सभासद क्रमांक यांचेच रकाने होते. मी 'जाळे' खोडून 'गळ, एक नग' असे लिहिले, तर खाडाखोड चालत नाही म्हणून नवा नमुना भरावा लागला. तीन आठवड्यांनी उत्तर आले, की सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने आपला अर्ज पाटबंधारे शाखेकडे वर्ग करण्यात येत आहे. म्हणजे अर्ज निघाला त्याच टेबलावर, दोन शिक्के जास्तीचे घेऊन, परत गेला. एकूण हेलपाटे सात, आणि दर वेळी अर्ध्या दिवसाची रजा. शिक्क्यासह पोच घ्यावी, हे मला चौथ्या खेपेला सुचले. आपण ती पहिल्याच दिवशी घ्यावी.

शेवटी शिपायालाच दया आली. "तळं संस्थेला ठेक्यानं दिलंय की सर, सचिवाला भेटा," असे तो म्हणाला. हे एक वाक्य दोन्ही कार्यालयांत कोणालाही सांगावेसे वाटले नव्हते.

मच्छीमार संस्थेचे सचिव, ज्यांना सारे गाव मामा म्हणते, काठावर जाळे सांधत बसले होते. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून संस्थेला पदरमोड करून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, सोडावी लागते, हे त्यांनी समजावले, तेव्हा मासे कोणाचे हा प्रश्न माझ्यापुरता मिटला. शाळेच्या वहीच्या पानावर त्यांनी लिहून दिले: रविवारी पन्नास रुपये, दोनच मासे. पावसाळ्यात पिलांचा तांबूस थवा वर दिसला, तर खाली मरळीची जोडी राखण करत असते, तिथे गळ टाकायचा नाही, ही अट तोंडी होती.

कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून नेली होती. पहिल्या रविवारी एक रोहू लागला. मरळ दोनदा हवा घ्यायला वर आली, "गुळुक" असा आवाज करून गेली आणि तिच्यासाठी गळाला लावलेल्या बेडकीकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. परवा पाटबंधारे शाखेचे पत्र आले असून, त्यात जाळ्याच्या आसाचे, म्हणजे भोकाचे, माप कळविण्यास सांगितले आहे.