तुम्ही विचारलंत म्हणून: एसपी ऑइल बाद झालं का?

‘इंजिन ऑइलच्या डब्यावर आता एपीआय एसक्यू असं लिहून यायला लागलंय. म्हणजे गेल्या खेपेला आमच्या गाडीत घातलेलं एसपी बाद झालं काय?’ कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल आणि स्पेअरचं दुकान टाकून बसलं की हा प्रश्न चुकत नाही. फोनवर विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेले विचारतात, आणि परवा तर बँकेत कॅशियरसाहेबांनी काचेपलीकडून विचारलं. मागं रांग असते, त्यामुळे प्रत्येकाला अर्धंच उत्तर मिळतं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

बाद झालेलं नाही. हँडबुकात एसपी किंवा त्याआधीचं एसएन, एसएम लिहिलं असेल तर तिथं एसक्यू बिनधास्त घाला, ग्रेड मात्र (म्हणजे ५डब्ल्यू-४० असा घट्टपणाचा आकडा) तीच ठेवा. उलटं करू नका: ज्या गाडीनं एसक्यू मागितलंय तिला एसपीवर भागवू नका. (एसएननंतर एसओ कुठं गेलं, असंही एक-दोघं विचारतात. ते अक्षर गाळलं, बाकी काही नाही.)

ही अक्षरं ठरवते अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय. तिच्या बरोबरीनं अमेरिकन आणि जपानी गाडी कंपन्यांची इल्सॅक नावाची समिती स्वतःची यादी काढते. जीएफ-५, जीएफ-६ ही नावं तिची. एसएन आणि जीएफ-५ आली २०१० साली. एसपी आणि जीएफ-६ यायला १ मे २०२० उजाडलं. एसक्यू आणि जीएफ-७ चे परवाने ३१ मार्च २०२५ पासून सुरू झाले. आधी दहा वर्षं, मग पाचच. मधे २०१८ ला एसएन प्लस नावाचं ठिगळही लावावं लागलं. ते का लागलं हे कळलं की एसक्यूही कळतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत पेट्रोल इंजिनं लहान झाली आणि त्यांना टर्बो बसला. पेट्रोलही थेट सिलिंडरमध्ये मारायला लागले. एक लिटरच्या इंजिनातून दीड लिटरची ताकद काढायची म्हटल्यावर कमी आरपीएमला प्रचंड दाब तयार होतो. अशा वेळी पिस्टनच्या वरच्या रिंगेपाशी साचलेला ऑइल आणि पेट्रोलचा थेंब उडून वर येतो आणि प्लगची ठिणगी पडायच्या आत पेटतो. याला लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. आवाज साध्या नॉकिंगसारखा नसतो, एकदम ‘ठाक’ करून येतो, आणि जोर असा की पिस्टनवरच्या रिंगेच्या खाचा तुटतात. गंमत अशी, की यात ऑइलमधलं कॅल्शियम आगीत तेल ओततं. कॅल्शियम असतं कशाला, तर इंजिन आतून स्वच्छ ठेवायला. मग कंपन्यांनी कॅल्शियम कमी करून त्या जागी काही प्रमाणात मॅग्नेशियम आणलं. एसएन प्लस आणि पुढं एसपी, ही त्यासाठीची तजवीज. याच इंजिनांत काजळी ऑइलमध्ये उतरते आणि टायमिंग चेन झिजून लांबते, म्हणून एसपीला चेनच्या झिजेचीही परीक्षा लागली.

आता एसक्यूत नवीन काय? मला तरी सगळ्यात रास्त वाटलेली अट म्हणजे जुन्या ऑइलची परीक्षा. आजवर प्री-इग्निशनची चाचणी ताज्या, डबा फोडलेल्या ऑइलवर व्हायची. पण गाडी ताज्या ऑइलवर चालते किती दिवस? आता ऑइल आधी मुद्दाम जुनं करतात आणि मग इंजिनात घालून बघतात. याशिवाय सल्फेटेड ॲश, म्हणजे ऑइल जळून उरणारी राख, ०.९ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही, पिस्टनवर चिकटणारा मळ आणखी कमी, आणि इंधनाची बचत आधीपेक्षा जास्त, अशा अटी आहेत.

म्हणजे तुमच्याकडं नवी टर्बो पेट्रोल असेल तर एसक्यूला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. मी स्वतः देईन. पण त्याच दमात एक सांगतो. वैभववाडीकडून करूळ घाट चढताना पुढं ट्रक असतो, आणि आपला गडी मायलेजच्या हौसेनं चौथ्या-पाचव्या गिअरवरच गाडी ओढवत असतो. इंजिन दीड हजार आरपीएमला कण्हतंय आणि पाय मात्र पूर्ण दाबलेला. प्री-इग्निशनला याहून सोयीची जागा नाही. गिअर खाली टाका की राव. हा उपाय फुकट आहे आणि एसक्यूच्याही आधीचा आहे.

दुसरी गोष्ट आपल्या ऊसपट्ट्याची. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही उसाचं. त्यावर गावात जी भांडणं चालतात त्यांत मला पडायचं नाही, पण ऑइलशी त्याचा संबंध आहे. इथेनॉल पाण्याला ओढतं. घर ते शाळा, शाळा ते भाजी, एवढंच फिरणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही, मग पाण्याची वाफ बाहेर जायच्या ऐवजी ऑइलमध्येच मुरते. जुलै-ऑगस्टच्या झडीत अशा गाडीचं ऑइल भरायचं टोपण उघडून आतून बघा. ताकावर लोणी यावं तसा पिवळट फेस दिसतो. पुष्कळ जण घाबरून, इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट गेलं म्हणतात. फेस टोपणालाच असेल, कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर एकदा पेठनाक्यापर्यंत हायवेनं जाऊन या, बहुतेक वेळा तो जातो. जीएफ-५ पासून ऑइलला अशीही एक चाचणी आहे, की त्यात पाणी आणि ८५ टक्के इथेनॉलचं इंधन मिसळून बघायचं; पाणी वेगळं होऊन तळाला बसता कामा नये, ऑइलनं ते धरून ठेवलं पाहिजे. डब्याच्या मागं एपीआयचं गोल चिन्ह असतं. वरच्या अर्ध्या भागात एसपी किंवा एसक्यू, मधे ग्रेड, आणि खालच्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ लिहिलं असेल तर ही चाचणी त्यात आली. गावात कमी अंतर फिरणाऱ्यानं वरच्या अक्षराइतकंच हे खालचंही वाचावं. वाचत कोणी नाही.

ग्रेडबद्दल आमच्या कोल्हापुराचा एक हट्ट आहे. ऑइल इंजिनं इथंच ओतली, इथंच जोडली. त्यात चाळीस नंबरचं घट्ट ऑइल घालत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. त्यामुळं ०डब्ल्यू-१६ चा डबा हातात घेतला की आण्णा तो कानाशी हलवतात आणि म्हणतात, ‘हे तर पाणी आहे.’ पातळ आहे खरं. १५० अंशांवर जोरात घासत मोजलं तर घट्टपणाचा आकडा १६ ला किमान २.३ लागतो, ३० ला २.९ आणि ५डब्ल्यू-४० ला ३.५. पण ज्या इंजिनाचं हँडबुक १६ मागतं त्याच्या फटी, त्याचा पंप, सगळं त्या हिशोबानं केलेलं असतं. तिथं २०डब्ल्यू-५० घालून गाडी मजबूत होत नाही, सकाळी वर ऑइल पोचायला उशीर होतो आणि पेट्रोल जास्त जातं. उलट दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या गाडीत कुणाचं ऐकून ०डब्ल्यू-१६ ओतू नका. ‘नवीन ते जुन्याला चालतं’ हा नियम अक्षराचा आहे, ग्रेडचा नाही. इल्सॅकनंही १६ साठी जीएफ-७ बी अशी वेगळी चूल मांडली आहे. राहता राहिला ‘शून्य’. तो आकडा थंडीतल्या स्टार्टिंगचा, आणि त्याची चाचणी उणे ३५ अंशांवर होते. आपल्याकडं त्याची तेवढी मातब्बरी नाही.

डिझेलवाल्यांनी तर या एसक्यूच्या गडबडीत पडूच नये. ‘एस’नं सुरू होणारी अक्षरं पेट्रोलची. १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी असेल तर सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी असते. तीत अडकलेली काजळी गाडी स्वतः जाळते, पण ऑइलमधून आलेली राख जळत नाही, ती कायमची बसते. अशा गाडीच्या डब्यावर बघायचं ते एसीईए या युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचं सी-२, सी-३ असं मार्किंग, हँडबुकात असेल ते. अशाच गाडीचे एक पाहुणे खुशीत येऊन सांगत होते, ‘आमची गाडी ऑइल खात नाहीच, उलट डिपस्टिकवर वाढतंय!’ त्यांना आधी खुर्ची दिली. गाळणी साफ करायला गाडी जादा डिझेल मारते. गावातल्या गावात फिरताना ते काम अर्ध्यात तुटतं आणि डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढली ती त्यामुळं. ते ऑइल त्याच दिवशी काढायला लावलं.

बुलेटवाल्या पोरांसाठी एकच ओळ: कारचं एसक्यू कितीही भारी असलं तरी ते तुमच्या गाडीत घालू नका, क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि घसरतो, तुमच्या डब्यावर जासो एमए-२ हे दुचाकीच्या ऑइलचं जपानी मार्किंग पाहिजे.

जळक्या ऑइलचा रंग बघून निर्णय घेणारेही पुष्कळ. काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही; मळ उचलून धरणं हे ऑइलचं कामच आहे, आणि डिझेलमध्ये तर ते हजार किलोमीटरच्या आत काळं होतं. (हेच जळकं ऑइल पुढं सेंट्रिंगच्या फळ्यांना आणि वाळवी लागलेल्या चौकटीला फासतात. फासू नये, रिसायकलवाल्याला द्यावं. सांगून दमलो.) आणि रिकामा डबा गॅरेजवाल्याकडं तसाच सोडू नका, स्क्रू-ड्रायव्हरनं भोक पाडून टाका. चांगल्या नावाचा रिकामा डबा बाजारात परत भरून येतो, त्यावरचं एसक्यू मग कुणाच्या कामाचं?

शेवटी येतात ते रिटायर झालेले काका. वर्षात जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर चालवतात. हँडबुकात दहा हजार लिहिलंय, म्हणजे अजून दोन वर्षं बघायला नको, असा त्यांचा हिशोब. त्याच ओळीत ‘किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असतं, आणि कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ, रांगणारी वाहतूक असेल तर त्याहून लवकर, असं खाली बारीक अक्षरात असतं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत कसबा बावड्याला जाणाऱ्या गाडीला आणखी कुठली वाहतूक लागू होणार? काका महागडं एसक्यू घेऊन ते तीन वर्षं पुरवायच्या बेतात असतात. मी त्यांना स्वस्तातलं एसपी देतो आणि पावतीवर पुढच्या वर्षीची तारीख लिहून देतो.