ओटीपी देण्याआधी भिंत बघा

आमचं घर चिपळूणजवळ. तिथे आई एकटी असते आणि मी ठाण्यात. गेल्या मे महिन्यात पडवीच्या खांबावर चार मेगापिक्सेलचा वायफाय कॅमेरा लावला, तोंड अंगण आणि बेड्याकडे, म्हणजे फाटकाकडे. कॅमेरा, ॲप, मेमरी कार्ड सगळं एका दुपारी झालं. मेभर चित्र अगदी झकास दिसलं. मग पाऊस लागला.

संध्याकाळी आई तुळशीपुढे दिवा लावते, ते मी ऑफिसातून निघताना बघायची. एक दिवस उदबत्ती ओवाळायला तिचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. चाळीस सेकंद. मग एकदम तुळस दिसली आणि आई गायब. रोज असंच होऊ लागलं, आणि अंधार पडला की जास्तच. एका रात्री बेड्यापाशी छत्रीवाला माणूस उभा दिसला आणि चित्र गोठलं. वर लाल अक्षरांत 'लाइव्ह'. मी घाबरून फोन लावला, "आई, दार उघडू नकोस!" ती म्हणाली, "कुणाला? अगं, वरच्या वाडीतले काका डबा परत द्यायला आलेवते. केव्हाच गेले."

मी ठरवून टाकलं की दोष इंटरनेट कंपनीचाच. शंभर एमबीपीएसचे पैसे घेता आणि चार एमबीपीएसचा कॅमेरा चालत नाही? पुढचे तीन आठवडे मी त्या कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये राहायलाच गेले म्हणा.

पहिली तक्रार ॲपवरून केली. दोन तासांत 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा मेसेज. घरी कुणी फिरकलं नव्हतं. दुसऱ्यांदा फोन केला. मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा, मग अठरा मिनिटं तीच बासरी. शेवटी एक मुलगी आली. "मॅडम, राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा." मी ठाण्यात आहे, राउटर माजघराच्या वरच्या कोनाड्यात आहे, आई एकाहत्तर वर्षांची आहे, हे सगळं सांगितलं. "हो मॅडम, पण राउटर एकदा बंद करून…" त्या आठवड्यात आई पाच वेळा स्टुलावर चढली. तिला काही झालं असतं तर कॅमेऱ्यात तेही चाळीस सेकंद उशिरा दिसलं असतं.

अखेर माणूस आला. मी मीटिंगमध्ये होते. तो माजघरात राउटरखाली उभा राहिला, मोबाइलवर स्पीड टेस्ट केली, शहाण्णव आले. "काकू, नेट एकदम ओके आहे." पडवीत गेलाच नाही. मग म्हणाला, मोबाइलवर एक नंबर आलाय तो सांगा. आईने सांगितला. तो तक्रार बंद करण्याचा ओटीपी होता! संध्याकाळी मी चिडले तर आई म्हणते, "अगं, भिजून आलेला पोर. चपला बाहेर काढून आला, चहा घेतला, गोड बोलला. त्याला नंबर नाही म्हणू?" आता मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय: कॅमेरा जिथे आहे तिथे उभं राहून चित्र नीट दिसेपर्यंत ओटीपी द्यायचा नाही. चहा द्या.

तिसऱ्या फोनवर मी आवाज चढवला. माणूस पाठवा आणि त्याला कॅमेऱ्याखाली उभा करा, म्हटलं. तेव्हा पलीकडून वाक्य आलं, "मॅडम, आमची जबाबदारी राउटरपर्यंतच असते." मी फोन आपटला. आज शांतपणे विचार केला तर वाटतं, तीन आठवड्यांत कुणी काही खरं आणि कामाचं बोललं असेल तर ते हेच. पण हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? शिवाय पुढचं अर्धं वाक्य, की 'म्हणून राउटर ते कॅमेरा एवढा टप्पा तुम्ही तपासा', ते कुणीच बोललं नाही.

रागाच्या भरात अपीलही केलं. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात जायचं, तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे, आणि त्यासाठी लागतो डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक. तो मेसेजने येतो. कनेक्शन आईच्या नावावर, मेसेज आईच्या मोबाइलवर, आणि आई 'फोन भरतो' म्हणून मेसेज पुसते. पुन्हा कस्टमर केअर, पुन्हा बासरी. एवढं करून अपिलाचं उत्तर आलं: राउटरवरील वेग योजनेप्रमाणे आढळला. (तक्रार केलीत तर डॉकेट नंबर त्याच क्षणी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.)

जुलैत दोन दिवस घरी गेले, तेव्हा कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. त्यातली आई बघून मी गप्पच झाले. हात वर गेला, ओवाळलं, हात खाली आला, नमस्कार केला, वळली. कुठे म्हणून अडखळलं नव्हतं. म्हणजे कॅमेरा चांगला. राउटरपाशी शहाण्णव म्हणजे इंटरनेटही चांगलं. मग मधे काय उरलं? पडवीत कॅमेऱ्याखाली बसले, मोबाइल घरच्या वायफायवर ठेवला आणि ॲप उघडलं. तिथेही चित्र अडकत होतं. सिग्नल मोजायचं एक फुकटचं ॲप घेतलं. माजघरात -४५, पडवीत -७९. हा आकडा शून्याकडे जितका जवळ तितका सिग्नल चांगला. -६५ पर्यंत निभावतं, -८० म्हणजे नाव फक्त वायफाय.

मधे होत्या जांभ्या चिऱ्याच्या दीड-दीड फुटी दोन भिंती. मेमध्ये कोरड्या असताना कसंबसं निभत होतं. जूनभर पाणी प्यायल्यावर त्यांनी सिग्नलही पिऊन टाकला. पाणी वायफायच्या लहरी शोषतं. त्यात कोनाड्यात राउटरच्या पुढ्यात आईने स्टीलचा तांदळाचा पिंप ठेवलेला. स्पीड टेस्ट करणारा पोर त्याच पिंपाखाली उभा होता, हे मला नंतर कळलं.

तुमच्याकडे उलटं असेल, म्हणजे घरच्या वायफायवर चित्र सुरळीत आणि बाहेरूनच अडकत असेल, तर मात्र कंपनीला धरा. त्यातही डाउनलोड नाही, अपलोडचा आकडा बघायला सांगा. कॅमेरा चित्र घराबाहेर पाठवतो, आत आणत नाही.

रात्रीच जास्त का अडकायचं, तेही तेव्हाच उमगलं. कॅमेरा दरवेळी अख्खं चित्र पाठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मधल्या काळात फक्त काय बदललं तेवढं. दिवसा अंगण स्वस्थ असतं. रात्री कॅमेऱ्याचा अंधारात बघायचा इन्फ्रारेड दिवा लागला की पावसाचा थेंब न् थेंब पांढरा चमकतो, पाखरं भिरभिरतात, म्हणजे सगळंच सारखं बदलत असतं. पाठवायचं ओझं वाढतं, आणि वाट तर आधीच चिंचोळी.

पिंप हलवला. सेटिंगमध्ये चित्र दाबून लहान करायची पद्धत एच.२६४ ची एच.२६५ केली, ती तेच चित्र कमी डेटात बसवते. बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, ४०९६ केबीपीएसवरून १५३६ वर आणला, सेकंदाला फ्रेम पंचवीसच्या पंधरा. अंगणात चालणारा माणूस ओळखायला पंधरा पुष्कळ झाल्या. पूर्ण चित्र दर दोन सेकंदांनी येईल असं ठेवलं, म्हणजे अडकलं तरी लवकर सुटतं. मोबाइलवर बघताना 'एसडी' निवडते, कार्डावर 'एचडी'च साठतं. राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल 'ऑटो' वरून १ वर टाकला. १, ६, ११ यांपैकी शेजाऱ्यांनी न व्यापलेला घ्यायचा. पण आमचे शेजारी शंभर पावलांवर, त्यामुळे याने काडीचा फरक पडला नाही. शहरात सोसायटीत राहणाऱ्यांनी हे आधी करून बघावं.

या सगळ्याने चाळीस सेकंदांचे सहा-सात झाले. बाकीचं काम वायरीने केलं. कॅमेऱ्याच्या शेपटीला लॅनचं, म्हणजे इंटरनेटची वायर जोडायचं भोक होतं, पहिल्या दिवसापासून रबरी टोपणाखाली झाकलेलं. सगळ्या वायफाय कॅमेऱ्यांना ते नसतं, घेतानाच बघा. वीस मीटर कॅट-सिक्स केबल (शंभर मीटरपर्यंत चालते), पीव्हीसी पाइप आणि गावातल्या वायरमनची मजुरी मिळून बाराशे रुपये. चिऱ्याला भोक पाडायला तो तयार होता, आई नव्हती. खिडकीच्या चौकटीतून नेली.

केबलला आमच्याकडे एक पथ्य आहे. आभाळ भरून आलं की, वीज कडाडायला लागायच्या आधीच, राउटरकडचं टोक काढून ठेवायचं. आई ते करते, स्टुलाशिवाय. राउटर आता खाली फडताळात आलाय.

एक सांगायचं राहिलं. काचेपुढे कोळी जाळं विणतो, आणि रात्री त्या दिव्यात तेच जाळं लखलखत हलत राहतं. त्यानेही ओझं वाढतं. आठवड्यातून एकदा आई केरसुणी उलटी धरून कॅमेऱ्याभोवती फिरवते. परवा फोनवर बोलता बोलताच तिने फिरवली. माझ्या स्क्रीनवर हिर एकदम अंगावर आले आणि त्याच क्षणी कानात तिचा आवाज, "आली का गं केरसुणी?"

"आली."