२०४ तुकड्यांची दिवाळी

स्टॉलवर पहिल्याच दिवशी एका काकूंनी माझ्या पझलचं खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "लेझर कट लिहिलंय. मग यात हातानं काय केलंत तुम्ही?" माझ्या उजव्या अंगठ्याचं नख तेव्हा निम्मं झिजलेलं होतं. ते दाखवावंसं वाटलं, पण पहिलंच गिऱ्हाईक. हसून गप्प बसले.

मी शाळेत चित्रकला शिकवते. २०२४च्या मे महिन्याच्या सुट्टीत डोक्यात किडा शिरला की दिवाळीत आपण किल्ला करतो, त्याचं लाकडी जिगसॉ पझल करायचं आणि दिवाळीच्या आधी विकायचं. चित्र माझंच. वाड्याचा चौक, कोपऱ्यात मातीचा किल्ला, त्यावर उगवलेले अळीव, बुरुजांवर बाजारातले मातीचे मावळे, सिंहासनावर महाराज आणि पायथ्याशी महाराजांच्या दुप्पट उंचीची गवळण. (ज्यांनी किल्ला केलाय त्यांना माहीत आहे, गवळण कधीच मापात नसते.) वर काळंनिळं आकाश, त्यात एकच आकाशकंदील. काही तुकडे नेहमीच्या आकाराचे न ठेवता करंजी, पणती, तोफ, मावळा अशा आकारांचे कापायचे ठरवलं. लाकडी पझलांमधली ही जुनी गंमत आहे.

लेझर मशीन विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. पुण्यात नऱ्ह्याला एका शेडमध्ये जॉबवर्क करणारे एक दादा सापडले. नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या, लग्नपत्रिका, जे येईल ते कापून देतात. मिनिटाला १२ रुपये. गुरुवारी लाइट जाते म्हणून गुरुवार सोडून कधीही या, म्हणाले.

नमुन्याच्या फाइलमध्येच पहिली माती खाल्ली. मी प्रत्येक तुकडा स्वतंत्र बंद आकार म्हणून काढला होता. स्क्रीनवर झकास दिसत होतं. पण शेजारच्या दोन तुकड्यांची सामाईक रेघ त्यामुळे एकावर एक दोनदा आली होती, आणि मशीनला काय, दोन रेघा दिल्या की ते दोनदा कापणार. दहा-अकरा मिनिटांचं काम वीस मिनिटांवर गेलं, कडा कोळसा झाल्या. दादा फाइल बघून म्हणाले, "ताई, दोन शेतांमधे बांध एकच असतो. दोघांनी आपापला घातला तर पेरायचं कुठं?" मग सगळं पुसलं. उभ्या १६ आणि आडव्या ११ लांब नागमोडी रेघा काढल्या, त्यांत करंज्या-तोफा बसवल्या आणि तुकडे २०४च राहतील असं मोजून मोजून जमवलं.

दुसरी अडचण जास्त चिवट निघाली. लेझर कापतो म्हणजे जाळतो, आणि जळालेली जागा रिकामी राहते. आमच्या मशीनवर ही रेघ साधारण ०.२ मिलिमीटरची. ऐकायला काहीच नाही, पण पझलचं एक टोक उचललं की बाकीचं खळ्ळकन खाली. सामाईक रेघ असल्यामुळे तुकडा वाढवून भरपाई करता येत नाही, याचा वाढवला तर त्याचा कमी होतो. शेवटी दादांनी दोन इंची भिंग काढून दीड इंची लावलं, त्यानं ठिपका बारीक होतो, आणि मी तुकड्यांच्या शेजारच्यात अडकणाऱ्या मुंड्या मोठ्या करून माना बारीक केल्या. मान अडकली की तुकडा धरून बसतो.

आता चित्र लाकडावर चिकटवायचं. मला सोपा मार्ग दिसला तो फ्लेक्सवाल्याकडचा व्हिनाइल स्टिकर. रंग सुंदर, पाण्याची भीती नाही, मागे गोंद तयार. दहा काढून घेऊन गेले तर दादांनी हातही लावला नाही. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते लेझरखाली जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. छातीला वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही, महिनाभरात गंज चढतो. "पैसे दिले तरी नाही कापणार," म्हणाले. त्यातले सात स्टिकर अजून आमच्या फ्रिजवर आहेत.

म्हणून कागद. मॅट आर्ट पेपरवर प्रिंट, खाली ३ मिलिमीटर एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी), मधे फेविकॉल, वरून लाटण्यानं हवा काढायची. रात्री पाच बोर्ड करून पाट्याखाली दाबून ठेवले. सकाळी पाचही पापडासारखे वळलेले! जुलै महिना, हवेत ओल, वाटलं पावसाचा दोष. आमच्याकडे कपाटाचं काम करायला आलेल्या सुतारकाकांनी एक बोर्ड हातात धरला आणि विचारलं, "मागे काय लावलंत?" काहीच नाही. "मग वाकणारच. एका बाजूनं ओला कागद चिकटवला की सुकताना तो ओढणार. मागून पण ओढणारा पाहिजे ना कुणीतरी." मागच्या बाजूला साधा कागद लावायला सुरुवात केल्यापासून बोर्ड सरळ राहिले. त्यांनी जाताना एक जुना गुण्या, म्हणजे सुतारांची काटकोनी पट्टी, पण देऊन टाकला. तो मशीनच्या टेबलावर कोपऱ्यात बसवून बोर्ड त्याला टेकवला की चित्र आणि कापाची रेघ दरवेळी एकाच जागी येते. ऑनलाइन कोर्सला दिलेल्या पैशांपेक्षा या अर्ध्या तासात जास्त शिकले.

मूळ बेत असा होता की लहान मुलांसाठी ४८ तुकड्यांचं एक पझलही करायचं. नमुना तयार होता. तेवढ्यात कळलं की १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्यासाठी परवाना, चाचण्या, सगळं आलं. केंद्राच्या हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे, पण लेझरवर कापून आणलेल्या मालाला 'हस्तकला' म्हणवून घ्यायला मला धीर झाला नाही. (काकूंचा प्रश्न तेव्हाही मनात होताच म्हणायचा.) खोक्यावर नुसतं '१४ वर्षांवरील' छापून आत हत्ती-ससे घालणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. ४८ तुकड्यांचं पझल कपाटात गेलं आणि उरलेलं मी मुद्दाम मोठ्यांसाठी अवघड केलं. आकाश आणखी काळं केलं. ते जवळजवळ ५० तुकडे नुसते काळेनिळे आहेत, त्यांवरून मला शिव्याही बसल्या आहेत.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, आधार नंबरवर घरबसल्या, फुकट झाली. खोक्यावर किंमत, महिना-वर्ष, पत्ता, तक्रारीसाठी फोन हे सगळं छापावं लागतं, त्याचं लेबल केलं. खोकी रविवार पेठेतून. २००पेक्षा कमी करून देईना कोणी.

सगळी तयारी झाली आणि मशीन मिळेना. ऑगस्टमध्ये दादांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. महाराष्ट्रात २०१८मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून गणपतीची मखरं एमडीएफ आणि प्लायवूडची होतात, आणि ती सगळी अशाच शेडांमध्ये कापली जातात. कमानी, मोर, प्रभावळी, छपरापर्यंत रास. माझं दीडशे पझलांचं काम म्हणजे जवळजवळ २८ तास मशीन. दादांनी सरळ सांगितलं, "अनंत चतुर्दशीपर्यंत नाव काढू नका."

मी हिशेब घातला. चतुर्दशी १७ सप्टेंबरला, दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. त्या पंधरा दिवसांत कोणी नव्या दुकानाची पाटी लावत नाही, ट्रॉफी नाही, पत्रिका नाही. मशीन रिकामं. घरी सासूबाईंची नाराजी होती, नवा धंदा आणि पक्षात? त्यांना म्हटलं, विकणार नवरात्रात, आत्ता नुसतं कापतेय. त्यांनी थोडा विचार करून "बरं, कापायला हरकत नाही," असा निकाल दिला. आणि दादांनी दर मिनिटाला १० रुपये केला. पितरांचा आशीर्वाद म्हणतात तो हाच असावा.

आता अंगठ्याचं नख.

कापताना धुराचे डाग चित्रावर पडू नयेत म्हणून कापण्याआधी चित्रावर मास्किंग टेपचा थर लावतात. कापून झालं की तो काढायचा. कापण्याआधी तो एक अखंड कागद असतो, कापल्यावर २०४ कपटे. प्रत्येक तुकड्याच्या कडेला नख खुपसायचं, टोक उचलायचं, ओढायचं, बोटाला चिकटलेला कपटा दुसऱ्या बोटानं काढायचा, तो त्या बोटाला चिकटतो. एका पझलला मला ४० मिनिटं लागायची. सासूबाई दोन दिवस लांबून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या आणि डाळिंब्या सोलाव्या तशा सोलायला लागल्या, माझ्या निम्म्या वेळात, मालिका बघत. मी विचारलं कसं काय, तर म्हणाल्या, "तू उचकटतेस. चिमटीत धरून सरकवायचं असतं." तरीही सरासरी २५ मिनिटांच्या खाली आम्ही आलो नाही. चिकटपट्टी वरून दाबून सगळा थर एका झटक्यात काढायची युक्तीही करून पाहिली. थराबरोबर महाराजांचं सिंहासनही निघून आलं. त्या दिवसापासून नखच.

आणि मोजणी. पझलमध्ये एक तुकडा कमी निघाला तर बाकीचे २०३ फुकट. लेझरच्या टेबलाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते, तीत छोटा तुकडा पडला की गेलाच. मला वाटलं वजन करावं. सराफी काटा आणला. तुकडा पाऊण ग्रॅमचा, सहज पकडला जायला हवा. पण एमडीएफच्या एका शीटमधलं आणि दुसऱ्या शीटमधलं पझल यांच्यातच तीन-चार ग्रॅमचा फरक, फेविकॉल कमीजास्त झाला की आणखी. काटा परत केला. मग पझल जुळलेलंच ठेवून सोलायचं, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून खिडकीपाशी न्यायचं, वरचा पुठ्ठा उचलून एक नजर फिरवायची, भोक दिसलं नाही की कापडी पिशवीत ओतायचं, ही पद्धत बसली. दीडशेपैकी ११ बाद झाली. १३९ खोकी भरली.

प्रदर्शनात तीन दिवसांच्या टेबलाचं भाडं ९,००० रुपये. किंमत मी ७५० ठेवली होती, आणि पहिले तीन तास फक्त "पुठ्ठ्याचं अडीचशेला मिळतं" हे वाक्य ऐकलं. एक निवृत्त भूगोलाचे सर थांबले, म्हणाले हे सगळं परदेशी खूळ. मी त्यांना सांगितलं की खूळ परदेशी खरं, पण तुमच्याच विषयातून आलंय. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे करणाऱ्यानं लाकडावर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून तो कापला, मुलांना भूगोल शिकवायला. सर खूश झाले. विकत नाही घेतलं, पण दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले आणि दोन घेतली.

खरा धंदा मात्र झाला तो नवऱ्यांमुळे. दुपारी कंटाळून मी एक पझल टेबलावर उघडं सांडून ठेवलं. बायका पलीकडे साड्या बघत होत्या आणि पिशव्या धरून उभे असलेले त्यांचे नवरे एकेक करून माझ्या टेबलाशी यायला लागले. आधी एका बोटानं तुकडा सरकवायचा, मग पिशवी खाली ठेवायची, मग "खुर्ची आहे का?" बायको परत आली की म्हणायची, चला. हा म्हणायचा, एक मिनिट, तोफेच्या शेजारचा सापडत नाहीये. यातले निम्मे तरी खोकं घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी घरून दोन जास्तीच्या खुर्च्या आणल्या.

भाऊबीजेपर्यंत ११२ विकली गेली, काही थोड्या सवलतीत. आले ८१,६०० रुपये. नमुन्यांची नासधूस आणि स्टॉलचं भाडं धरून गेले ५७,०००च्या आसपास. सासूबाईंची आणि माझी मजुरी यात धरलेली नाही. धरली असती तर हा लेख लिहिला नसता. त्यांना मी भाऊबीजेला साडी घेतली, तर म्हणाल्या, पुढच्या वर्षी १०० तुकड्यांचं कर.

नाशिकहून एका काकांचा फोन आला होता, एक तुकडा नाही म्हणून. इथं लेझरची बाजू घ्यायला हवी. फाइल तीच, गुण्या तोच, म्हणून दादांनी तेवढाच तुकडा पुन्हा कापून दिला आणि तो नेमका बसला. करवतीनं हातानं कापलेल्या पझलचा तुकडा असा परत करता येत नाही. काकांनी फोटो पाठवला, शेजारी चकल्यांची ताटली.

तुळशीच्या लग्नाच्या आधी घर झाडताना सोफ्याखालून एक तोफ निघाली. खिडकीपाशी प्रत्येक खोकं मी स्वतः बघितलं होतं, म्हणजे पिशवीत ओतताना उडाली असणार. बाद झालेल्या ११ पझलांचे तुकडे मी रात्री काढून बसले, त्यांतल्या अकराही तोफा जागेवर होत्या. शिल्लक २७ खोकी उघडून पाहिली, तिथंही २७. म्हणजे विकलेल्या ११२पैकी कुठल्यातरी घरात किल्ल्याच्या पश्चिम बुरुजावर भोक आहे. तोफ हरवली म्हणून अजून कोणाचा फोन आलेला नाही. तोफ देवघराच्या खणात ठेवली आहे.