आमची वाटचाल : पत्र्याच्या डब्यांतून संगणकाकडे

सांगलीतील आमच्या स्टुडिओत वडिलांच्या काळापासून लग्नमुंजीचे आणि शाळांच्या वर्गांचे फोटो काढले जात, आणि निगेटिव्ह कागदी पाकिटांत घालून पत्र्याच्या डब्यांत ठेवल्या जात. 2005 नंतर 2019 मध्येही कृष्णेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा हा संग्रह स्कॅन करून त्याची नोंद संगणकावर घ्यायचे आम्ही ठरवले.

खरा विचार करावा लागला तो नोंदींचा. एक्सेलमध्ये एका ओळीत एक फोटो बसतो. पण मुंजीच्या एकाच फोटोत दहा-पंधरा माणसे असतात, आणि त्यातली परकरातली मुलगी पुढे आजी होऊन, सासरच्या नावाने, तोच फोटो मागायला येते. म्हणून फोटोंचा एक तक्ता, व्यक्तींचा दुसरा आणि कोण कोणत्या फोटोत आहे हे जोडणारा तिसरा, अशी मांडणी केली व माहेरच्या आणि सासरच्या नावांसाठी वेगळे रकाने ठेवले. तारखेचेही तसेच. फाइलवर दिसते ती स्कॅन केल्याची तारीख, आणि पाकिटावर पुष्कळदा नुसते ‘दिवाळीनंतर’ एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे ‘या वर्षापासून’ आणि ‘या वर्षापर्यंत’ असे दोन रकाने केले.

नोंदी ठेवायचे सॉफ्टवेअर निवडताना मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅक्सेस पाहिले, पण आमची माहिती एकाच कंपनीच्या परवान्यावर अवलंबून राहू नये असे मला ठामपणे वाटत होते. शेवटी एसक्यूलाइट घेतले. रिचर्ड हिप यांनी 2000 साली तयार केलेले हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्याला सर्व्हर लागत नाही आणि सगळा डेटाबेस, म्हणजे हे सगळे तक्ते, एकाच फाइलमध्ये मावतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही माहिती दीर्घकाळ जपण्यासाठी त्याच्या फाइलची शिफारस केली आहे. नोंदी आम्ही डीबी ब्राउझर या, एसक्यूलाइटची फाइल उघडून तक्ते भरण्याच्या प्रोग्राममधून करतो. फोटो फोल्डरमध्येच राहतात. डेटाबेसमध्ये फक्त पाकिटाचा क्रमांक आणि फाइलचा पत्ता असतो. त्यामुळे डेटाबेसची फाइल पेनड्राइव्हवर सहज मावते, आणि तिची व फोटोंच्या हार्ड डिस्कची एकेक प्रत आम्ही मिरजेत ठेवतो.

अलीकडे ‘ओळख कोणी सांगितली’ हा आणखी एक रकाना वाढवला आहे. एकाच चेहऱ्याला दोन वडीलधारी माणसे दोन नावे सांगतात, तेव्हा आम्ही दोन्ही नावे, सांगणाऱ्यांच्या नावासह, नोंदवून ठेवतो.