चूक किती दिवसांनी कळते?

डिझाइनच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात आम्हाला एका व्याख्यानाचे पोस्टर तयार करण्यासाठी तीन आठवडे मिळाले होते आणि त्यांपैकी जवळजवळ सगळा वेळ मी एकाच कल्पनेवर घालवला. पार्श्वभूमीचा पोत चार वेळा बदलला, शीर्षकाची सावली किती गडद असावी यावर दोन संध्याकाळी खर्च केल्या, कोपऱ्यातले रेखाचित्र तर इतक्यांदा काढले की ते मला आजही डोळे मिटून काढता येईल. सबमिशनच्या दिवशी पोस्टर भिंतीवर लागले, आमचे शिक्षक खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि तिथून त्यांनी एवढेच विचारले, "व्याख्यान कधी आहे?" तारीख पोस्टरवर होती, पण ती करड्या रंगावर किंचित गडद करड्या रंगात आणि नखाएवढ्या आकारात होती. पडद्यावर मी पोस्टर सतत मोठे करून पाहत होते, त्यामुळे ती मला कायम स्वच्छ दिसत आली होती. पहिल्याच दिवशी साधा प्रिंटआउट काढून, भिंतीला चिकटवून मी दहा पावले मागे गेले असते, तर ही चूक पाच मिनिटांत कळली असती. ती कळायला मला एकवीस दिवस लागले.

त्या दिवसापासून, डिझाइनचा विद्यार्थी भराभर कसा शिकेल या प्रश्नाकडे मी एकाच बाजूने पाहत आले आहे: निर्णय घेणे आणि त्या निर्णयाचे काय झाले ते दिसणे, या दोहोंमध्ये किती वेळ जातो? एकाच कामावर तीन आठवडे बसून एकदाच निकाल ऐकणारा विद्यार्थी त्या तीन आठवड्यांत एकदाच शिकतो, मग त्याने रात्री कितीही जागवलेल्या असोत. नवे विद्यार्थी बहुधा कोणते सॉफ्टवेअर शिकावे असे विचारतात. सॉफ्टवेअर यायलाच हवे, कीबोर्डचे शॉर्टकटही बोटांत बसलेले असावेत, याबद्दल माझा वाद नाही. परंतु हात वेगवान झाला की चुकीचे ले-आउटही तितक्याच वेगाने तयार होऊ लागतात, हे कोणी सांगत नाही.

मला स्वतःला हे सर्वांत स्पष्टपणे समजले ते रंगांच्या एका जुन्या स्वाध्यायातून. वाल्टर ग्रोपिउस यांनी १९१९ मध्ये वायमार येथे सुरू केलेल्या बाउहाउस या जर्मन कला-डिझाइन शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला आधी प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागे. तो योहानेस इटेन यांनी घडवला आणि पुढे तो शिकवणाऱ्यांत योझेफ आल्बर्स हेही होते. १९३३ मध्ये बाउहाउस बंद पडल्यावर आल्बर्स अमेरिकेत गेले आणि तिथे, विशेषतः येल विद्यापीठात, त्यांनी रंगांचे जे शिक्षण दिले त्यात विद्यार्थ्यांच्या हाती ब्रश आणि रंगांऐवजी रंगीत कागद असत. रंग कालवण्यात वेळ जातो, आणि एकदा कालवलेली छटा दुसऱ्यांदा नेमकी तशीच उतरेल याची खात्री नसते. कागदाचा तुकडा मात्र उचलून दुसरीकडे ठेवला की क्षणात उत्तर मिळते, आणि तो रंग शंभराव्या वेळीही तोच असतो.

त्यांचा एक प्रसिद्ध स्वाध्याय असा: दोन वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर एकाच कागदातून कापलेल्या दोन पट्ट्या अशा ठेवायच्या, की त्या दोन निरनिराळ्या रंगांच्या वाटाव्यात. ऐकायला हा पोरखेळ वाटतो. मी एका रविवारी जुन्या मासिकांची रंगीत पाने कापून बसले. पहिल्या दहा-बारा प्रयत्नांत पट्ट्या हट्टाने एकाच रंगाच्या दिसत राहिल्या, कारण मी पार्श्वभूमी म्हणून अगदी भडक रंग निवडत होते आणि पट्टीही तशीच भडक घेत होते. मग मळकट तपकिरी रंगाची एक पट्टी हाती लागली. तिचा एक तुकडा गडद निळ्यावर ठेवला आणि दुसरा फिकट पिवळ्यावर. निळ्यावरचा तुकडा उजळ, थोडासा वाळूच्या रंगाकडे झुकलेला दिसू लागला, तर पिवळ्यावरचा जांभळट आणि जड. दोन्ही तुकडे एकाच पानातले आहेत याची खात्री करण्यासाठी मी ते उचलून कडेला कडा लावून पाहिले, तेव्हा ते पुन्हा एक झाले. तासाभरात चाळिसेक जोड्या लावून झाल्या होत्या. रंग कालवत बसले असते तर तेवढ्या वेळात चार झाल्या असत्या, आणि चौथीनंतर बहुधा मी कंटाळून उठले असते. शेजारचा रंग आपल्याला काय करायला लावतो हे कितीही वाचले तरी डोळ्यांत उतरत नाही. चाळीस वेळा फसल्यावर उतरते.

हीच युक्ती मांडणीला लावता येते. एखादे छापील पान आवडले की त्याचा फोटो काढून फोल्डरमध्ये टाकण्याची आपल्याला सवय असते. माझ्याकडेही असे हजारो फोटो साठले होते आणि त्यांतून मी जवळपास काहीही शिकले नव्हते. गोळा करणे हा अभ्यासाचा सर्वांत सुखद भास आहे. त्याऐवजी मी आता मोजपट्टी घेऊन बसते. आधी नुसत्या नजरेने अंदाज लिहायचे: चारही समास किती मिलिमीटर, अक्षर किती पॉइंटचे (पॉइंट म्हणजे अक्षरांचे माप मोजण्याचे एकक), ओळअंतर किती, स्तंभांमधली मोकळी जागा किती. मग मोजायचे. अंदाज आणि माप यांत जो फरक निघतो, तो आपल्या नजरेतला दोष असतो, आणि तो आकड्यात मिळत असल्यामुळे त्याच्याशी भांडता येत नाही. त्यानंतर तेच पान कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा उभे करायचे आणि मूळ पानावर ठेवून पाहायचे. हे नक्कल करणे झाले, असे कोणी म्हणाल्यास त्याला म्हणू द्यावे. ते काम पोर्टफोलिओत घालायचे नाही, एवढे पथ्य पाळले की पुरे. यान चिखोल्ड यांच्यासारख्या मुरलेल्या मुद्रणकारानेही मध्ययुगीन हस्तलिखिते अशीच मोजून काढली होती, आणि आतला, वरचा, बाहेरचा व खालचा समास २:३:४:६ या प्रमाणात ठेवणारी जुनी पानांची रचना १९५३ मध्ये त्या मोजमापांतूनच उलगडून दाखवली होती.

मोजण्याच्या या नादात देवनागरीने मला दिलेला धडा सांगण्यासारखा आहे. इनडिझाइन या पानांची मांडणी करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीही न बदलता मजकूर ओतला, तर ओळअंतर आपोआप अक्षराच्या मापाच्या १२० टक्के धरले जाते, म्हणजे १२ पॉइंटच्या अक्षराला १४.४ पॉइंट. रोमन लिपीला ते बहुतेक वेळा चालून जाते. एका मराठी पानाची प्रतिकृती करताना मी तेच ठेवले, आणि मूळ पान इतके शांत का दिसते व माझे इतके गजबजलेले का दिसते हे मला बराच वेळ कळेना. भिंग धरल्यावर दिसले की वरच्या ओळीतल्या 'पूर्ण' या शब्दाचा दीर्घ उकार खालच्या ओळीतल्या 'कीर्ती'च्या वेलांटीला आणि रफाराला जवळजवळ टेकला होता. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वरही मजला आहे आणि अक्षराच्या खालीही, त्यामुळे दोन ओळींमधली जी जागा आपण रिकामी समजतो ती प्रत्यक्षात रिकामी नसते. मूळ पानाचे ओळअंतर मोजले तर ते १८ पॉइंट निघाले. ही गोष्ट मला वर्गात सांगितलेली होती, वहीत लिहिलेलीही होती. कळली ती त्या दिवशी.

मोजून लगेच उत्तर मिळेल अशा गोष्टी आपल्या क्षेत्रात वाटतात त्यापेक्षा बऱ्याच आहेत, आणि विद्यार्थ्याने त्यांचा आधी फडशा पाडावा असे मला वाटते. वेबवरील सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य आकाराचा मजकूर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांत किमान ४.५:१ इतका प्रकाशभेद असावा लागतो, मोठ्या मजकुराला ३:१ चालतो. दोन रंगांचे क्रमांक टाकले की हे प्रमाण सांगणारी फुकट साधने आहेत. छापील पोस्टरला हा नियम लागू नसला, तरी त्या करड्या तारखेचे प्रमाण मी पुढे कुतूहलाने काढून पाहिले, तेव्हा ते २:१ देखील भरले नाही. अभिरुचीचा वाद घालण्यापूर्वी असे हिशेबाचे प्रश्न बाजूला काढावेत, म्हणजे शिक्षकांचा वेळ खऱ्या प्रश्नांसाठी उरतो.

खरे प्रश्न मात्र माणसांकडूनच सुटतात, आणि इथे आपण वेळ सर्वांत जास्त वाया घालवतो. काम दाखवून "कसे वाटते?" असे विचारले की "छान आहे" हे उत्तर ठरलेले असते, कारण समोरच्याला तुमचे मन मोडायचे नसते आणि त्याला नेमके कशाबद्दल बोलायचे हेही ठाऊक नसते. मी आता कागद तीन सेकंद दाखवून उलटा ठेवते आणि काय आठवते ते विचारते. अर्धवट कामावर मत घ्यायचे असेल तर ते मुद्दाम कच्चेच दाखवते, जाड मार्करने काढलेले, रंगाशिवाय. गुळगुळीत मॉक-अप, म्हणजे तयार वस्तूसारखा नमुना, दिसला की लोक बटणाच्या कडांबद्दल बोलू लागतात आणि ते बटण तिथे हवेच कशाला, हा प्रश्न राहून जातो. ज्युरीच्या, म्हणजे शिक्षकांसमोर काम मांडून त्यावर चर्चा होण्याच्या, वेळी आणखी एक अडचण असते, ती म्हणजे आपण स्वतः. आपले काम भिंतीवर असताना आपण ऐकत नसतो, मनातल्या मनात उत्तर तयार करत असतो. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने आणि मी यावर तोडगा काढला होता: माझ्या ज्युरीत ती टिपणे घ्यायची आणि तिच्या ज्युरीत मी. पहिल्यांदा तिची टिपणे वाचली तेव्हा मला वाटले की ती दुसऱ्याच कोणाच्या ज्युरीला बसली होती. त्यांत तीन चांगल्या सूचना होत्या आणि त्यांपैकी एकही मला ऐकू आलेली नव्हती.

शिक्षक आणि वर्गमित्र यांच्यापलीकडे, ज्याच्यासाठी वस्तू बनवतो आहोत त्या माणसासमोर ती ठेवण्याचे धैर्य आपण फार उशिरा गोळा करतो. वस्तू वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी २००० साली असा हिशेब मांडला होता की पाच जणांबरोबर चाचणी घेतली तरी वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. त्या आकड्यामागे प्रत्येक अडचण साधारण ३१ टक्के लोकांना जाणवते हे गृहीतक आहे, आणि ते प्रत्येक कामाला लागू पडेलच असे नाही, म्हणून पुढे त्यावर बरीच टीका झाली. पण शून्य आणि पाच यांतला फरक पाच आणि पन्नास यांतल्या फरकापेक्षा मोठा आहे, एवढे तरी त्यातून घ्यावे. ग्रंथालयाच्या एका ॲपचे पडदे मी कागदावर काढून तिघांसमोर ठेवले होते. मी काही समजावून सांगायचे नाही असे ठरवले होते, आणि गप्प बसणे हे त्या दिवसाचे सर्वांत कठीण काम ठरले. तिघांनीही पुस्तक राखून ठेवण्यासाठी मुखपृष्ठाच्या चित्रावर बोट ठेवले. खालचे बटण, ज्याच्या आकारावर मी सकाळ घालवली होती, त्याकडे कोणी पाहिलेदेखील नाही. हे कळायला वीस मिनिटे आणि सहा कागद लागले.

एक आक्षेप इथे रास्त आहे. सगळेच शिक्षण अशा छोट्या फेऱ्यांत बसत नाही. संशोधन, वेगवेगळ्या लोकांच्या मागण्यांचा मेळ घालणे, महिनाभर एका प्रश्नासोबत राहून तो प्रश्नच बदलला पाहिजे हे ओळखणे, या गोष्टी दीर्घ प्रकल्पाशिवाय येत नाहीत, आणि रोज एक पोस्टर करून त्या येतील असे समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण लांब काम म्हणजे लांब काळ अंधारात बसणे नव्हे. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये काढला, तो आधी नाकारला गेला आणि १९३३ मध्ये प्रवाशांच्या हाती पडला, एवढी गोष्ट सर्वांना माहीत असते. त्यानंतर अनेक वर्षे ते त्याच नकाशात दुरुस्त्या करत राहिले, हा भाग सहसा सांगितला जात नाही. आमच्या प्रकल्पांत मी आता दर आठवड्याला काहीतरी भिंतीवर लावते, मग ते कितीही अर्धवट असो.

या सगळ्याची नोंद ठेवायला माझ्याकडे एक साधी वही आहे. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे काम सुरू करण्यापूर्वीचा अंदाज, उजवीकडे प्रत्यक्षात काय निघाले. डावी बाजू आधी आणि शाईने लिहायची, नाहीतर आपण मागाहून स्वतःला शहाणे ठरवतो. दोन वर्षांपूर्वीच्या पानांवर ओळअंतराचा माझा अंदाज तीन-चार पॉइंटांनी चुकलेला दिसतो. गेल्या महिन्यात तो अर्ध्या पॉइंटवर आला आहे. खालचा समास मात्र मी अजूनही दर वेळी पाच-सहा मिलिमीटरने कमी धरते, आणि त्याचे कारण मला सापडलेले नाही.